तक्रार आणि साक्ष

१

मराठीत ‘तक्रार’ हा शब्द तीन ठिकाणी वावरतो. रुग्ण वैद्याला सांगतो ती तक्रार. फिर्यादी कचेरीत नोंदवतो ती तक्रार. आणि घरातील बाई सदा करीत असते असे मानले जाते, तीही तक्रारच. पहिल्या अर्थाने तो शरीराचा निरोप असतो, दुसऱ्या अर्थाने न्यायाची मागणी आणि तिसऱ्या अर्थाने निव्वळ स्वभावदोष. स्त्री डॉक्टरांसमोर बसून आपले दुखणे सांगते तेव्हा तिचा शब्द पहिल्या अर्थाने उच्चारला जातो आणि अनेकदा तिसऱ्या अर्थाने ऐकला जातो. या दोन अर्थांमधील अंतरात किती आयुष्ये खर्ची पडली याचा हिशेब वैद्यकाच्या इतिहासाने बराच उशिरा मांडावयास घेतला. साहित्याने तो त्यापूर्वीच मांडला होता.

डॉक्टरांची खोली हे मुळात कथनाचे स्थळ आहे. नाडी, जीभ, रक्ताचा अहवाल या सर्वांच्या आधी तेथे एक गोष्ट सांगितली जाते: केव्हापासून, कोठे, किती, कशाने वाढते. ही गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा समान पातळीवर नसतात. इलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) या ग्रंथात वेदनेची ही मूलभूत अडचण दाखवून दिली आहे. ज्याला वेदना होते त्याच्या दृष्टीने तिच्याइतके निश्चित जगात दुसरे काही नसते; जो तिच्याविषयी केवळ ऐकतो त्याच्या दृष्टीने तिच्याइतके संशयास्पदही काही नसते. ही अडचण प्रत्येक रुग्णाची आहे. परंतु सांगणारी स्त्री असेल तर त्या संशयाला शतकांची परंपरा मिळते. ‘हिस्टेरिया’ हे नावच गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून आलेले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणातून ते निदान म्हणून वगळले ते १९८० मध्ये. तोवर त्या एका शब्दाने कितीतरी वेगवेगळी दुखणी एकाच खुंटीला टांगून ठेवली होती.

अविश्वासाने शरीराचे नुकसान होते हे उघड आहे. त्याबरोबरच सांगणारीचा स्वतःच्या शब्दांवरील भरवसाही जातो, आणि हे दुसरे नुकसान कोणत्याही रुग्णपत्रिकेत नोंदले जात नाही. ते आतून दाखवणे साहित्यकृतीलाच शक्य असते. शार्लट पर्किन्स गिलमन यांची एक कथा, अ‍ॅलिस जेम्स यांची दैनंदिनी आणि हिलरी मँटेल यांचे आत्मकथन या तीन कृती एकत्र वाचल्या म्हणजे हे स्पष्ट होते. त्याचबरोबर एक अवघड प्रश्नही उभा राहतो: अशा कृती वाचणारी समीक्षा रुग्णेच्या शेजारी बसते, की डॉक्टरांच्या खुर्चीत?

२

गिलमन (१८६०–१९३५) यांना १८८५ मध्ये कन्या झाली आणि त्यानंतर त्यांना तीव्र विषण्णतेने ग्रासले. १८८७ च्या वसंतात त्या फिलाडेल्फियाचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांच्याकडे उपचारासाठी गेल्या. मिचेल यांचा ‘विश्रांती-उपचार’ तेव्हा दोन्ही खंडांत नावाजलेला होता. कित्येक आठवडे अंथरुणावर सक्तीची विश्रांती, आप्तांपासून दूर ठेवणे, दूध आणि भरपूर आहार, अंगमर्दन, विजेचे उपचार अशी त्याची रीत होती. महिनाभरानंतर गिलमन यांना घरी पाठवताना त्यांनी जो सल्ला दिला तो गिलमन यांनी पुढे जाहीर केला. घरसंसारात रमावे, मूल सतत जवळ ठेवावे, बौद्धिक व्यवसाय दिवसाकाठी दोन तासांवर नेऊ नये आणि लेखणी अथवा कुंचला आयुष्यात पुन्हा हाती धरू नये, असा तो सल्ला होता. तो पाळताना आपण वेडाच्या काठावर पोहोचलो, असे गिलमन सांगतात. तो मोडून त्यांनी १८९० मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा लिहिली. ‘अटलांटिक मंथली’च्या संपादकांनी ती परत केली. स्वतःला जे क्लेश झाले ते वाचकांना देण्याची त्यांची तयारी नव्हती. जानेवारी १८९२ मध्ये ती ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली.

मिचेल यांना या कहाणीतील खलपुरुष ठरवणे सोपे आहे. पण तसे करणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंच्या इजांवर उपचार केले होते. हात किंवा पाय कापून टाकल्यावरही तो अवयव ठणकतो, मूठ आवळलेली जाणवते, असे सैनिक सांगत. मिचेल यांनी ते ऐकून घेतले, त्याची नोंद केली आणि १८७१ मध्ये त्या अनुभवाला ‘फॅन्टम लिंब’, म्हणजे आभासी अवयव, हे आजही रूढ असलेले नाव दिले. एवढेच नव्हे, मिचेल स्वतः कथाकार होते. चारही अवयव गमावलेल्या एका सैनिकाची ‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ ही कथा त्यांनी लेखकाचे नाव न देता १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, तीही त्याच ‘अटलांटिक मंथली’मध्ये. कित्येक वाचकांना ती सत्यकथा वाटली आणि त्या अस्तित्वातच नसलेल्या सैनिकासाठी त्यांनी पैसे पाठवले.

हा विरोध नीट पाहण्याजोगा आहे. नसलेल्या अवयवातील वेदना खरी मानण्याइतकी सहृदयता ज्या वैद्याजवळ होती, त्याच वैद्याला समोरच्या लेखिकेचे आपल्या अवस्थेविषयीचे सांगणे निर्णायक वाटले नाही. कल्पित पुरुषाच्या दुःखावर वाचकांचा विश्वास बसला. जित्याजागत्या स्त्रीच्या दुःखावर तिच्या वैद्याचा बसला नाही. मिचेल यांनी १८८५ मध्ये ओवेन विस्टर या तरुणाला प्रकृती सुधारण्यासाठी वायोमिंगच्या मोकळ्या माळरानात धाडले. त्या अनुभवातून विस्टर यांचे पुढील लेखन आणि ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) ही कादंबरी आली. दोन वर्षांनी आलेल्या गिलमन यांच्या वाट्याला मात्र अंथरूण आले. ज्ञान एकाच वैद्याचे होते. कोणाचे म्हणणे कोठवर ऐकावयाचे याची मर्यादा त्याच्या काळाने ठरवून दिलेली होती.

३

‘द यलो वॉलपेपर’ची निवेदक निनावी आहे. तिचा नवरा जॉन डॉक्टर आहे, भाऊही डॉक्टर आहे आणि दोघांचे निदान एकच आहे: विशेष काही झालेले नाही. उन्हाळ्यापुरत्या घेतलेल्या एका जुन्या वाड्यात, खिडक्यांना गज असलेल्या वरच्या खोलीत तिला ठेवले जाते. लिहिण्यास बंदी असल्याने ती चोरून लिहिते, आणि तेच लिखाण म्हणजे ही कथा होय. वाचकाच्या हाती जे येते ते वैद्यकीय आज्ञेचा भंग करून लिहिलेले आहे. ही निवेदनपद्धती निवडून गिलमन यांनी लेखनाची कृती आणि आजाराचे कथन एकाच धाग्यात ओवले आहे.

जॉन क्रूर नाही. तो प्रेमळ आहे, काळजी घेतो, लाडाने बोलतो. आणि हेच कथेतील सर्वांत भेदक निरीक्षण आहे. एका रात्री ती धीर करून त्याला सांगते की आपल्याला बरे वाटत नाही. तो तिचे वजन, तिचा रंग, तिची भूक यांचा दाखला देऊन ती बरी होत असल्याचे पटवतो. शरीर सुधारले असेलही कदाचित, असे म्हणून ती पुढे काही सांगू पाहते, एवढ्यात त्याच्या चेहऱ्यावरील कठोर, दुखावलेला भाव पाहून तिचे वाक्य मध्येच तुटते. ते तुटलेले वाक्य कथेचे मर्म होय. जे सांगावयाचे होते ते ती पुन्हा कोणालाही सांगत नाही. त्यानंतर तिची भाषा माणसांकडून भिंतीकडे वळते. तोवर तिच्या वाक्यांतून नवऱ्याचे शब्द वारंवार डोकावत असतात: तो म्हणतो, तो सांगतो, त्याच्या मते. वैद्याची परिभाषा तिच्या विचारांत घर करून बसलेली असते आणि स्वतःच्या निरीक्षणाला ती स्वतःच ‘कल्पना’ म्हणू लागते. भिंतीवरील कागदाच्या आकृतीत तिला बंदिवान स्त्री दिसू लागते तेव्हा तिचा तोल गेलेला असतो हे खरे. परंतु निवेदनाचा क्रम पाहता आधी तिचे म्हणणे नाकारले गेले आणि मग तिचा तोल गेला, हेही तितकेच खरे.

येथे समीक्षेचा इतिहास आठवणे आवश्यक आहे. प्रसिद्धीनंतर दीर्घकाळ ही कथा प्रामुख्याने भयकथा म्हणून वाचली गेली. १९७३ मध्ये फेमिनिस्ट प्रेसने इलेन हेजेस यांच्या विवेचनासह ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि स्त्रीवादी समीक्षेने तिला नवे आयुष्य दिले. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी ‘द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक’ (१९७९) मध्ये भिंतीमागील स्त्रीत पुरुषी संहितेत कोंडलेल्या सर्व लेखिकांचे रूप पाहिले. हे वाचन मोलाचे आहे आणि त्याचे ऋण नाकारता येणार नाही. तथापि त्यानंतरच्या शेकडो वाचनांतून एक चमत्कारिक गोष्ट घडली. कागद म्हणजे पितृसत्ता, खोली म्हणजे विवाह, रांगणे म्हणजे मुक्ती किंवा पराभव, अशी समीकरणे मांडता मांडता अलीकडेच बाळंत झालेली, थकलेली, आपल्याला बरे नाही असे साध्या शब्दांत सांगणारी स्त्री दिसेनाशी झाली. ‘तुझे दुखणे म्हणजे तू म्हणतेस ते नव्हे, त्याचा खरा अर्थ वेगळाच आहे’ असे जॉन म्हणतो. प्रतीके उलगडणारा समीक्षकही, हेतू अगदी उलट असला तरी, नेमके हेच म्हणू लागतो. सुझन साँटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) मध्ये आजाराला रूपकांतून सोडवण्याचा जो आग्रह धरला, त्याची गरज या कथेच्या वाचकालाही आहे.

गिलमन यांना स्वतःला आपल्या कथेचा हेतू पुरता ठाऊक होता. १९१३ मध्ये ‘द फोररनर’ या आपल्या मासिकात त्यांनी स्पष्ट केले की लोकांना वेड लागण्यापासून वाचवावे यासाठी ती लिहिली होती. कथेची प्रत त्यांनी मिचेल यांना पाठवली होती. पोचही आली नाही. डॉक्टरांच्या खोलीत जी तक्रार फेटाळली गेली होती, ती त्यांनी वाचकांसमोर साक्ष म्हणून पुन्हा दाखल केली. तक्रारीला ऐकणाऱ्याची मान्यता लागते. साक्ष मात्र अमान्य झाली तरी नोंदीत राहते.

४

‘द यलो वॉलपेपर’ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १८९२ मध्ये, अ‍ॅलिस जेम्स यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. कादंबरीकार हेन्री आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम या दोघांच्या या धाकट्या बहिणीचे तारुण्यापासूनचे सारे आयुष्य दुखण्यात गेले. ते दुखणे कधी मज्जातंतूंचे, कधी हिस्टेरियाचे, कधी नुसत्या स्वभावाचे मानले गेले. १८८९ पासून त्या दैनंदिनी लिहीत होत्या. मे १८९१ मध्ये त्यांच्या स्तनात गाठ असल्याचे निदान झाले, आणि दैनंदिनीत त्यांनी जे लिहिले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. मृत्यूची सूचना मिळालेल्या या स्त्रीला सुटकेचा आनंद झाला. हाताला लागेल अशी काहीतरी व्याधी आपल्याला व्हावी, अशी वर्षानुवर्षांची इच्छा अखेर पुरी झाली, असा त्या नोंदीचा भाव आहे.

त्या आनंदात विनोद आहे, अभिमान आहे, आणि एक भयंकर न्यायनिवाडाही आहे. ज्या व्यवस्थेत कर्करोग झाल्यावरच स्त्रीचे म्हणणे खरे ठरते, त्या व्यवस्थेविषयी आणखी काय लिहावयाचे? परंतु जेम्स यांची नोंद आधुनिक वाचकालाही सावध करते. ‘तिचे दुखणे मनाचे नव्हते, खरे होते’ असे म्हणून रुग्णेची बाजू घेणारा वाचक नकळत जुनीच वर्गवारी मान्य करतो: शरीराचे ते खरे, मनाचे ते खोटे. गिलमन यांचा विकार मनाचा होता आणि तरीही पूर्णपणे खरा होता. जेम्स यांची तोवरची दुखणीही गाठ सापडल्यामुळे मागाहून खरी ठरली असे नाही. ती आधीपासूनच खरी होती. स्त्रीचे ऐकले जावे ही मागणी ‘तिला गाठ सापडेल म्हणून’ अशी असू शकत नाही. पुरावा सापडेपर्यंत ऐकत राहणे, हेच ऐकण्याचे कर्तव्य असते.

५

गिलमन यांना लेखणी हाती धरू नको असे सांगितले गेले त्याला ऐंशीहून अधिक वर्षे लोटल्यावर, १९७० नंतरच्या इंग्लंडमध्ये, कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण स्त्रीलाही मनोविकारतज्ज्ञाने असेच बजावले: लिहू नकोस. ती तरुणी म्हणजे पुढे ‘वुल्फ हॉल’ लिहिणाऱ्या आणि २००९ व २०१२ असे दोनदा बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या हिलरी मँटेल (१९५२–२०२२). ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ (२००३) या आत्मकथनात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. पाय दुखतात, पोटात कळा येतात, मळमळते, थकवा जात नाही, अशा तक्रारी घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांना विषण्णतेवरील गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी दृष्टी आणि चित्त बिघडले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ आले. त्यांच्या मते मुळाशी अति महत्त्वाकांक्षा होती. मग अधिक तीव्र औषधे आली आणि त्या औषधांनीच वेडाची लक्षणे निर्माण केली. आपल्याला शारीरिक आजार आहे असे ही रुग्णा जितके ठासून सांगे, तितका तिचा मानसिक आजार पक्का होत जाई.

हे तर्कचक्र मँटेल यांनी अत्यंत कोरड्या, धारदार विनोदाने वर्णिले आहे, आणि त्या विनोदाचे कार्य नीट ओळखले पाहिजे. चिडलेल्या स्त्रीची चीड हे लक्षण ठरते, रडणारीचे रडणे हेही लक्षण ठरते. वाक्याचा तोल, नेमकेपणा आणि थंड उपरोध यांना मात्र लक्षण म्हणता येत नाही. मँटेल यांची शैली अशा रीतीने साक्षीदाराच्या पात्रतेचा पुरावा बनते. त्यांनी डॉक्टरांशी बोलणे हळूहळू सोडून दिले. पुढे नवऱ्याच्या नोकरीनिमित्त बोट्स्वानात राहत असताना एका वैद्यकीय पाठ्यपुस्तकात त्यांना आपल्या दुखण्याचे वर्णन सापडले: एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढून तीव्र वेदना देणारा हा विकार आहे. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या आणि आता मूल होणे शक्य नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगातील जवळपास १९ कोटी, मुली-स्त्रियांना हा विकार असतो. इतका सर्वसामान्य विकार एका बुद्धिमान रुग्णेला स्वतःच पुस्तकातून शोधून काढावा लागला.

आत्मकथनात न जन्मलेल्या एका मुलीचे नावही येते. शीर्षकातील भूत हे अशा न झालेल्या आयुष्यांचे आहे. येथेही रूपकाचा मोह आहे; परंतु मँटेल तो पुरता वाढू देत नाहीत. भुतामागे नेहमी एक दिनांक, एक गोळी, एक चुकलेले निदान असते.

६

या कृती मराठी वाचकाला दूरच्या वाटण्याचे कारण नाही. गिलमन ज्या शहरात मिचेल यांच्याकडे गेल्या, त्याच फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, त्यानंतर काही आठवड्यांतच गिलमन तेथे पोहोचल्या. परदेशी जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये, श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाईंनी हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची निकड असल्याचे प्रतिपादले. त्याच्या आदल्या वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना हीच मागणी केली होती. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे बोलता येत नसल्याने स्त्रियांचे जीव जातात, हे त्यांनी सरकारदरबारी नोंदवले. म्हणजे पश्चिमेत बोललेले ऐकले जात नव्हते. येथे ते बोलण्याचीच सोय नव्हती. रमाबाईंनी तिचीही साक्षच केली.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मधील ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात इंग्रजी भाषेला आजारपणासाठी शब्द अपुरे पडतात अशी खंत व्यक्त केली आहे. मराठीबाबत ती तशी लागू होत नाही. कळ, चमक, ठणका, सल, मुरडा, पेटका, भगभग, ओढ, उसण. अंग मोडून येणे, पोटात पिळवटणे, कंबर धरणे, जीव घाबरा होणे, गळून जाणे. यांतील प्रत्येक शब्द दुसऱ्याहून वेगळी वेदना सांगतो आणि त्यांतील कित्येक शब्द बायकांच्या बोलण्यातच जिवंत राहिले आहेत. भाषा संपन्न आहे. उणीव आहे ती श्रोत्याची. ‘कसेसेच होते’ असे म्हणणारी स्त्री काहीच सांगत नाही असे समजले जाते. वास्तविक तिने चौकशीचे दार उघडलेले असते. पुढचा प्रश्न विचारणे हे ऐकणाऱ्याचे काम असते.

तो प्रश्न विचारला गेला की काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग असल्याचे आढळले; यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असाच विचार प्रामुख्याने होत होता. राणी बंग यांनी या स्त्रियांच्या बोलण्यावर जे मराठी पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘कानोसा’. दाराला कान लावून आतला आवाज ऐकणे, हा त्या शब्दाचा अर्थ वैद्यकाला जितका लागू पडतो तितकाच समीक्षेलाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रतीक, रूपक, उपरोध ओळखण्याचे शिक्षण मिळते आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु या तीन लेखिकांच्या कृती त्याच्याकडून त्याआधीची एक पायरी मागतात. ‘मला दुखते आहे’ असे वाक्य संहितेत आले तर ते प्रथम तेवढ्याच अर्थाने वाचावे. कोठे, केव्हापासून, कोणाला सांगितले आणि काय उत्तर मिळाले, हे संहितेलाच विचारावे. मग हवा तर भिंतीवरील कागदाचा अर्थ लावावा. एवढा क्रम पाळला गेला, तर गिलमन यांच्या निवेदिकेचे तुटलेले वाक्य निदान वाचनात तरी पुरे होऊ शकेल.